ताकीद दिली, असं कागदावर आहे

वॉरन लिंडक्विस्टच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं टाइप करते आहे. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकच चूक अशी झाली की जी अजून भांडी घासताना मधेच आठवते आणि हात थांबतो. ती माझी चूक नव्हती असं म्हणायलाही जागा आहे. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हापासून आमच्या टिपणांचा पहिला परिच्छेद तयारच असतो, मी फक्त नाव आणि तारीख बदलते. पण परिच्छेद तयार असला तरी डोळे माझेच होते.

त्या परिच्छेदात काय असतं ते आधी सांगते, कारण सगळं रामायण त्यावरून झालं. कंपनीचा वकील चौकशीसाठी कंपनीच्या माणसासमोर बसला की त्याने तोंड उघडताच एक ताकीद द्यायची असते. वॉरनची ठरलेली वाक्यं अशी: "मी कंपनीचा वकील आहे, तुमचा नाही. आपलं बोलणं गुप्त राहील, पण ते गुपित कंपनीचं. उद्या कंपनीच्या मनात आलं तर ती ते सरकारला सांगेल, तुम्हाला विचारणारही नाही. कळलं ना?" हे ऐकलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा मागे सरकतो. सरकायलाच हवा, त्यासाठीच ती ताकीद आहे. मग मी टिपणात वर लिहिते की ताकीद दिली आणि ती समजल्याचं समोरच्याने सांगितलं.

हॅगबर्ग व्हॉल्व्ह हे आमचं सगळ्यात जुनं अशील. सरोवराच्या काठच्या आमच्या डुलुथमध्ये, चढावर, बंदराच्या मागे त्यांचा कारखाना. एकशे चाळीस माणसं तिथे वाफेचे व्हॉल्व्ह बनवतात. म्हातारा रॉय हॅगबर्ग आणि वॉरन बर्फाला भोक पाडून एकत्र मासे धरायचे. दोन वर्षांपूर्वी रॉय गेला आणि मुलगा कर्टिस मिनिआपोलिसची चांगली नोकरी सोडून गादीवर आला. पोरगं वाईट नाही. मी त्याला दात पडलेल्या वयापासून ओळखते.

फेब्रुवारीत एका सरकारी बोटीच्या इंजिनखोलीत हॅगबर्गचा व्हॉल्व्ह फुटला आणि एका खलाशाचा हात कोपरापर्यंत भाजला. हात बरा झाला, पण प्रश्न सुरू झाले. सरकारी बोटींवर जाणारा प्रत्येक व्हॉल्व्ह पूर्ण दाबाच्या पाण्याखाली दहा मिनिटं धरून बघायचा, असा सरकारचा नियम. तसा धरला असा प्रत्येकासोबत दाखला जातो. त्या दाखल्यांवर सही असते चाचणीखोलीच्या प्रमुखाची, म्हणजे मार्लिस कोस्केलाची. सरकारने कर्टिसला कळवलं, तुमची चौकशी तुम्हीच करा, जे सापडेल ते आपण होऊन सांगा, मग आम्हीही जरा सांभाळून घेऊ. अशा वेळी कंपन्या हेच करतात. कर्टिसने वॉरनला सांगितलं, सगळ्यांशी बोला.

मार्चमध्ये दोन दिवस आम्ही बारा जणांशी बोललो. वॉरन विचारणार, मी कोपऱ्यात बसून शॉर्टहँडमध्ये उतरवणार. अकरा जणांना ताकीद मिळाली. अकराही जण खुर्चीत मागे सरकले आणि मोजून मापून बोलले. बारावी मार्लिस.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ती आली. दाराशी बूट काढले, ट्रेमध्ये नीट जोडीने ठेवले, आणि मोजे घालून आत आली. हातात कागदाने झाकलेली निळी ताटली. लिंबाच्या वड्या. नोव्हेंबरात तिचा नवरा आर्नी गेला होता, त्यानंतर मी तिला चर्चमध्ये पाठमोरीच काय ती पाहिली होती. बारीक झाली होती.

"कशाला गं एवढा खटाटोप केलास," मी म्हटलं.

"खटाटोप कसला. एकटीपुरतं करायला हातच बसत नाही. पातेलं अजून दोघांचंच निघतं."

आता आमच्याकडची रीत अशी की कुणी ताटली पुढे ठेवली की आधी कॉफी ओतायची, एक तुकडा उचलायचा, चांगला झालाय म्हणायचं, मग कामाचं बोलायचं. ताटली ठेवणाऱ्या बाईला "मी तुझा वकील नाही" असं पहिल्या झटक्यात म्हणायला माणूस बाहेरगावचा लागतो. त्यात हेच टेबल, हीच खुर्ची. जानेवारीत आर्नीच्या इस्टेटीचे कागद वॉरननेच पुरे केले होते. त्याआधी त्यांच्या घराचे, दोघांच्या मृत्युपत्रांचे. मार्लिस त्या खुर्चीत बसून आमच्यासमोर रडली होती.

वॉरनने वडी उचलली. "आर्नीला आवडायच्या."

"त्याला काय आवडायचं नाही? माझी बोलणी सोडली तर सगळं."

आम्ही तिघंही हसलो. हसू ओसरायच्या आत मार्लिसने हात मांडीवर घेतले आणि म्हणाली, "वॉरन, ती दहा मिनिटं नव्हती. तीन होती."

तिथे वॉरनने हात वर करायला हवा होता. मी निदान खोकायला हवं होतं. तो तोंडातला घास गिळून म्हणाला, "सांग."

आणि तिने सांगितलं. नऊ हिवाळ्यांपूर्वी मोठी ऑर्डर आली, माणसं कमी पडली. रॉय चाचणीखोलीत आला, कठड्याला टेकला आणि म्हणाला, मार्लिस, गळायचं असेल ते पहिल्या तीन मिनिटांत गळतं, उरलेली सात मिनिटं आपण नुसतं पाण्याकडे बघत बसतो.

"तेवढ्या ऑर्डरपुरतं म्हणाला होता?" वॉरनने विचारलं.

"तेवढ्यापुरतंच. मग पुढची आली. मग कुणी परत दहा करा म्हणालंच नाही."

"लिहून दिलं होतं त्याने कुठे?"

"रॉयने कधी काही लिहिलंय? वाढदिवसाचं कार्डसुद्धा त्याची बायको लिहायची." मग म्हणाली, "वाईट कशाचं वाटतं सांगू? मलाही तेव्हा ते पटलं होतं. मी एकदासुद्धा नाही म्हणाले नाही. आणि दाखल्यावर दहाच लिहिलं. सही माझी."

जाण्याआधी तिने विचारलं, "वॉरन, मला वकील लागेल का रे?"

वॉरन म्हणाला, "तू खरं सांगितलंस, तेवढं पुरे. बाकी मी बघतो."

मग दारात पंधरा-वीस मिनिटं बोलणं झालं, तिच्या गाडीच्या बॅटरीबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल. आमच्याकडे निघतो म्हटल्यावर कुणी लगेच निघत नाही. ताटली तिने ठेवून दिली, नंतर नेईन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिपण टाइप केलं. वरचा परिच्छेद होताच. नाव बदललं, तारीख बदलली. "ताकीद देण्यात आली व ती समजल्याचे त्यांनी सांगितले." वॉरनने बाराही टिपणांवर सह्या केल्या आणि ती कपाटात गेली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी कर्टिस आला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बसलाच नाही. खिडकीशी उभा राहून सरोवरावरचं बर्फ बघत बोलला.

"ठरलं. टिपणं सरकारला द्यायची. बाराही. मार्लिसचं त्यांना सगळ्यात आधी हवंय. ते दिलं तर पुढच्या ऑर्डरी चालू राहतील, नाही दिलं तर बंद."

"त्यात तुझ्या बापाचं नाव आहे," वॉरन म्हणाला.

"कळतं मला. जाऊ दे त्याचं नाव. तो थडग्यात आहे, त्याला नोकरी नकोय. एकशे चाळीस जणांना हवी आहे."

"आणि मार्लिसचं काय होईल?" हे मी विचारलं. मधे बोलणं माझं काम नाही, पण विचारलं.

कर्टिसने माझ्याकडे पाहिलं नाही. "खटला होईल. नऊ वर्षांच्या खोट्या सह्या आहेत, व्हर्ना. वडलांनी सांगितलं म्हणते, पण ते कुठे लिहिलेलं नाही आणि सांगणारा जिवंत नाही. तिने मात्र स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. तुरुंगही होऊ शकतो, म्हणतात." मग हलकेच म्हणाला, "मी शाळेतून आलो की तिच्या चाचणीखोलीत बसून गृहपाठ करायचो. गणितं तिनेच शिकवली. तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे? पण वडलांच्या त्या खुर्चीत बसलो की मला नुसता कर्टिस राहायची सोय नाही. मी कंपनी असतो."

मला त्याची दया आली. खोटं कशाला बोलू.

जाताना तो म्हणाला, "सरकारी वकील पहिलं हेच विचारणार. सगळ्यांना ताकीद दिली होती ना?"

"नेहमी देतो," वॉरन म्हणाला.

"मग शुक्रवारी पाठवून द्या."

तो गेल्यावर वॉरनने कपाट उघडलं. बराच वेळ कागदांची सळसळ ऐकू येत राहिली, मग थांबली. थोड्या वेळाने तो माझ्या टेबलापाशी आला. हातात मार्लिसचं टिपण, चष्मा कपाळावर.

"व्हर्ना, मार्लिसला मी सांगितलं होतं ना?"

वॉरन सदुसष्ट वर्षांचा आहे. त्याला खरंच आठवत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. हजार वेळा म्हटलेलं वाक्य एखाद्या वेळी म्हटलं नाही तर ते कुणाला आठवेल? पण मला आठवत होतं. म्हणजे त्या क्षणी आठवलं. ताटली, कॉफी, हसणं, आणि मग एकदम तीन मिनिटं.

"तू नेहमीच सांगतोस," मी म्हटलं.

"ते मी विचारलं नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ म्हणजे खालच्या खणातली शॉर्टहँडची वही. तसलं शॉर्टहँड वाचणारी आता गावात मी एकटी उरले आहे. बाकीच्यांना त्यात कोंबडीचे पाय दिसतात. मी म्हटलं असतं की वहीत ताकीद आहे, तर ती होती. वही हरवली म्हटलं असतं तर हरवली होती. सरोवर अजून गोठलेलं होतं, नाहीतर वही पाण्यात टाकायचाही विचार मनात आला असता. चुकीचा कागद मी टाइप केला होता, आणि निवृत्तीला मला चौदा महिने राहिले होते.

मी वही काढली. पान काढलं. वाचून दाखवलं.

"लिंबाच्या वड्या. पातेलं दोघांचं. आर्नीला आवडायच्या. माझी बोलणी सोडून सगळं. दहा नव्हती, तीन होती."

"वड्यासुद्धा लिहिल्यास?"

"समोर कुणी बोललं की माझा हात चालतो. मी काही निवडत नाही."

"शेवट वाच."

"मला वकील लागेल का. तू खरं सांगितलंस, तेवढं पुरे. बाकी मी बघतो."

तो माझ्या टेबलाच्या कडेवर बसला. एकतीस वर्षांत तो कधी तिथे बसला नव्हता.

"बाकी मी बघतो म्हणालो?"

"म्हणालास."

मग म्हणाला, "सगळ्या गावाला माहीत आहे मी हॅगबर्गचा वकील आहे. तिलाही माहीत असणारच."

मला राग आला. खरं तर स्वतःचाच आला होता, पण तो समोर होता. "वॉरन, तिच्या नवऱ्याच्या कागदांवर जानेवारीत तुझी सही आहे. मार्चमध्ये ती त्याच खुर्चीत बसली. तिने काय समजायचं होतं?"

तो उठला आणि कोट घालून बाहेर गेला. टोपी खुंटीवरच राहिली. मी खिडकीतून पाहत होते. तो उतारावरून थेट पाण्यापर्यंत गेला, म्हणजे बर्फापर्यंत, आणि तिथे उभा राहिला. मला कळत होतं तो काय मोजतोय. ताकीद दिली नव्हती असं सांगितलं तर मार्लिसचे शब्द सरकारला देता येणार नाहीत. तिने आपला वकील समजून सांगितलं, तेव्हा ते गुपित तिचंही झालं. मग कंपनीचा सौदा फिसकटणार. आणि दोघांचा विश्वास एकाच टेबलावर घेतलेल्या वकिलाला दोघांचीही कामं सोडावी लागतात. वर वकिलांच्या मंडळापुढे उभं राहणं आलंच. नाही सांगितलं तर मार्लिस तुरुंगात जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तासाभराने तो आला. कान लालभडक झाले होते.

"कर्टिसला उद्या बोलाव. आणि तू वही घेऊन बस."

बुधवारी कर्टिस बसला. वॉरनने फिरवून फिरवून सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारे वकील मी पुष्कळ पाहिलेत, वॉरन त्यातला नाही. दोन वाक्यांत सांगून टाकलं.

कर्टिसने टिपण पुढे ओढलं आणि पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "इथे आहे की दिली."

"कागद चुकीचा आहे."

"तुमच्याच ऑफिसचा कागद आहे, वॉरन."

"मी टाइप केला," मी म्हटलं. "न वाचता केला. चूक माझी."

"सही माझी आहे," वॉरन म्हणाला. "कर्टिस, आपण मार्लिसवर काय आरोप करतोय? तिने तीन मिनिटं करून दहा मिनिटांच्या कागदावर सही केली. मी तर काहीच न करता सगळं केल्याच्या कागदावर केली. निदान तिने तीन तरी केली होती."

कर्टिस थंड आवाजात म्हणाला, "तुम्ही आत्ता नेमके कुणाच्या बाजूने बोलताय?"

"तुझ्या. तुझा वकील म्हणून हे शेवटचं. खोट्या कागदावर सरकारशी सौदा करू नकोस. मार्लिसला उद्या दुसरा वकील मिळेल. तो व्हर्नाला शपथेवर विचारील, आणि व्हर्ना खोटं बोलत नाही. मग तुझी कंपनी दुसऱ्यांदा खोटा दाखला देताना पकडली जाईल. नवा वकील कर. तीन मिनिटं ही घडलेली गोष्ट आहे, ती कुणाचं गुपित नाही. तुमच्या चाचणीयंत्रांच्या नोंदींतून काढा आणि तीच सरकारला सांगा. फक्त मार्लिसने या खोलीत जे शब्द उच्चारले ते वापरू नका."

"आणि तेवढ्यावर सरकारचं समाधान झालं नाही तर?"

"तर माणसं कमी करावी लागतील," वॉरन म्हणाला. "मला माहीत आहे. तेही माझ्याच माथी."

कर्टिस उठला. फाइली न्यायला सोमवारी माणूस पाठवतो म्हणाला, टोपी घातली आणि गेला. दारात थांबला नाही, हवेबद्दल बोलला नाही, माझ्या गुडघ्याची चौकशी केली नाही. मिनिटभरात गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. बाहेरच्यांना यात काही वाटणार नाही. आमच्याकडे याहून मोठी थोबाडीत नाही.

पुढचं सांगून टाकते. प्रकरण कोर्टात गेलं. ऑगस्टमध्ये न्यायाधीशबाईंनी माझी वही मागवली, मला शपथ दिली आणि वड्यांसकट सगळं वाचून घेतलं. मार्लिसचे त्या खोलीतले शब्द तिचे आहेत, ते कुणालाही वापरता येणार नाहीत, असा निकाल दिला. यंत्रांच्या नोंदींत तीन मिनिटं सापडली, पण ते ठाऊक असून मार्लिसने सही केली हे तिच्या शब्दांवाचून सिद्ध होईना, म्हणून तिच्याविरुद्ध खटला उभा राहिला नाही. नोकरी मात्र गेली. कंपनीच्या सरकारी ऑर्डरी एक वर्ष बंद राहिल्या आणि चौतीस जणांना घरी बसावं लागलं. त्यात माझ्या बहिणीचा जावई होता. तो चर्चमध्ये माझ्या बाकावर बसत नाही. मी त्याला नावं ठेवत नाही. वॉरनला मंडळाकडून ठपक्याचं पत्र आलं. मला पत्र आलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारचं. ज्या दिवशी टिपणं जायची होती, त्या दिवशी वॉरनने मार्लिसला बोलावलं.

तिची निळी ताटली महिनाभर आमच्या कपाटात होती. ताटली रिकामी परत करायची नसते, म्हणून मी आदल्या दिवशी केळ्याचा पाव भाजला आणि तिच्यात बांधून ठेवला. मार्लिस आली, बूट काढले, जोडीने ठेवले. मी सवयीने कॉफीच्या भांड्याकडे वळले.

"थांब, व्हर्ना," वॉरन म्हणाला. "मार्लिस, बसू नकोस अजून. आधी ऐक."

ती मोजे घातलेल्या पायांनी गालिच्यावर उभी राहिली. वॉरनही उभाच होता, हात दोन्ही बाजूंना सोडून, शाळेतल्या मुलासारखा.

"मी कंपनीचा वकील होतो, तुझा नव्हतो. तू जे बोललीस ते कंपनी सरकारला देऊ शकली असती. हे मी त्या दिवशी तू बसायच्या आधी सांगायला हवं होतं. अकरा जणांना सांगितलं. तुला सांगितलं नाही. आता मी कंपनीचाही नाही आणि तुझाही होऊ शकत नाही." त्याने तिला एक कागद दिला. "सेंट पॉलमधल्या एका बाईंचं नाव आहे. चांगल्या आहेत. आजच फोन कर. मी ताकीद दिली नव्हती आणि ते सगळं व्हर्नाच्या वहीत आहे, हे त्यांना सांग. आणि माझ्यासकट इतर कुणाशीही याबद्दल एक अक्षर बोलू नकोस."

मार्लिसने कागद वाचला. घडी केली. परत उघडला.

"पण घराचे कागद तूच केलेस."

"हो."

"आर्नीचे तूच केलेस."

"हो, मार्लिस."

"मला वाटलं तू आमचा वकील आहेस."

"माहीत आहे."

तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. महिनाभर ती निर्धास्त झोपली असणार, वॉरन बघतोय म्हणून. आता तिला एकेक रात्र परत आठवत असावी. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने साध्या आवाजात विचारलं, "मग त्या दिवशी तू कोण होतास?"

वॉरनने चाळीस वर्षं न्यायाधीशांना उत्तरं दिली आहेत. या वेळी तो एवढंच म्हणाला, "वडी खात होतो."

ती वळली, दाराशी गेली, वाकून बूट घातले. मी ताटली पुढे केली. तिने ती हातावर तोलून पाहिली.

"रिकामी नाहीये," ती म्हणाली.

"नाही गं."

तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. आता ती दार उघडणार आणि कर्टिससारखी निघून जाणार, असंच मला वाटलं. गेली असती तरी तिचा हक्क होता.

"मंगळवारी तुला बर्फाच्या कडेला पाहिलं," ती वॉरनकडे न बघता म्हणाली. "टोपी नव्हती डोक्यावर. या वयात."

"विसरलो."

"सदानकदा विसरतोस." मग तिने सांगितलं की गाडीची बॅटरी शेवटी बदलली. वॉरनने विचारलं कुणाकडून घेतलीस, आणि तिने सांगितल्यावर म्हणाला, त्याने तुला फसवलं असणार. ती म्हणाली, मला फसवणं सोपंच आहे. पण तिने मूठ फिरवली नाही. नंतर माझा गुडघा झाला. बंदरात पहिली बोट कधी येणार ते झालं. खटल्याबद्दल, सांगितल्याप्रमाणे, एक अक्षरही नाही.

ती गेली तेव्हा मी घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते. पूर्ण दहा मिनिटं उभी होती.